तुम्ही विचारलंत : 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' आणि जोचा तो लंडनचा फेरा

मागच्या अंकात मी डेव्हिड लीनचा १९४६चा 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' बघाच असं लिहिलं होतं. चार्ल्स डिकन्सच्या कादंबरीवरचा, ब्लॅक अँड व्हाइट, जेमतेम दोन तासांचा. पत्रं येतील असं वाटलं होतं पण इतकी आणि अशी येतील असं नव्हतं वाटलं, त्यामुळे या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय.

ज्यांनी बघितला नाहीये त्यांच्यासाठी गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढची उत्तरं कळतील. शेवटही सांगणारे, ज्यांना आधी बघायचाय त्यांनी इथेच थांबा. पिप हा अनाथ मुलगा, इंग्लंडमध्ये केंटच्या दलदलीच्या भागात बहिणीकडे वाढतोय, बहीण कजाग आणि तिचा नवरा, 'जो' नावाचा लोहार, अतिशय मऊ मनाचा. कब्रस्तानात मॅग्विच नावाचा पळालेला कैदी पिपला पकडतो, पिप त्याला घरातून चोरून खायला आणि बेड्या कापायला कानस नेऊन देतो. मग मिस हॅविशमच्या घरी त्याला खेळायला बोलावतात. ही बाई लग्नाच्या दिवशी फसवली गेलेली, तेव्हापासून तोच नवरीचा ड्रेस अंगावर, घरातली घड्याळं त्या मिनिटाला थांबवलेली, आणि तिने वाढवलेली एस्टेला. पिप तिच्या प्रेमात पडतो. पुढे एक वकील येऊन सांगतो की कुणीतरी तुझ्यासाठी पैसा ठेवलाय, लंडनला जा आणि जेंटलमन हो. पिपला वाटतं पैसा हॅविशमबाईंचा. तो असतो मॅग्विचचा. आणि एस्टेला निघते मॅग्विचचीच मुलगी.

आता पत्रं.

ताई, मी एस. वाय. बी. ए. ला आहे, आम्हाला ही कादंबरी सिलॅबसला आहे आणि पेपर जवळ आलाय. मैत्रीण म्हणते सिनेमा बघ, सगळं तेच आहे. खरंच चालेल का? — एक विद्यार्थिनी, नाशिक

नाही गं, नाही चालणार. कादंबरी आहे एकोणसाठ प्रकरणांची आणि सिनेमा आहे ११८ मिनिटांचा, म्हणजे कात्री लागणारच. ऑर्लिक नावाचा जोच्या भट्टीवरचा तो खुनशी माणूस सिनेमात अजिबातच नाहीये, त्यामुळे पिपच्या बहिणीवर होणारा हल्लाही नाही, आणि नंतर चुन्याच्या भट्टीपाशी पिपला मारायला निघतो तो सगळा प्रसंगही गेला. सगळ्यात मोठा फरक एस्टेलाचा. कादंबरीत ती बेंटली ड्रमल नावाच्या माणसाशी लग्न करते, तो तिला छळतो, पुढे तो मरतो. सिनेमात तिचा जन्म कुणाच्या पोटी झाला हे कळल्यावर ड्रमल लग्नच मोडतो. पेपरात हे लिहिलंस तर मार्क जातील.

पण सिनेमा बघच, फक्त पुस्तकाची पहिली वीस-पंचवीस प्रकरणं झाल्यावर बघ. ही कादंबरी डिकन्सने आपल्याच 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकात डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ अशी दर आठवड्याला छापली, म्हणून प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी काहीतरी लटकवून ठेवलेलं असतं, लोकांनी पुढचा अंक घ्यावा म्हणून. लीन आधी एडिटर होता. एक सीन कुठे सोडायचा आणि दुसरा कुठे उचलायचा हे त्याला बरोब्बर कळायचं आणि डिकन्सची ती लटकवून ठेवण्याची सवय त्याने सिनेमात वेगळ्या पद्धतीने सांभाळलीय. 'तुलना करा' असा प्रश्न आला तर हा मुद्दा लिही.

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तुमचं वाचून आम्ही सगळे मिळून बघायला बसलो आणि पहिल्या पाच मिनिटांतच ती किंचाळली, मग दोन रात्री आमच्यातच झोपली. लहान मुलांना दाखवण्यासारखा आहे का हा? आणि त्या सीनमध्ये तसं रक्त नाही काही नाही, तरी मीसुद्धा दचकले, ते कसं काय? — एक आई, ठाणे

आधी मनापासून सॉरी, हे मी मागच्या वेळी लिहायला हवं होतं. दहा-अकरा वर्षांच्या पुढे दाखवा, आणि मुलांबरोबर बसूनच दाखवा. पुढे हॅविशमबाईंच्या कपड्यांना आग लागते तो सीनही लहान मुलांना जड जातो.

आता तुम्ही का दचकलात ते. मी तो सीन कितीतरी वेळा मागे घेऊन बघितलाय. सुरुवातीला पाण्याच्या कडेच्या वाटेवरून एक छोटा मुलगा पळत येतो, मोकळं मोठं आभाळ, वारा, आणि वाटेत फासाचे खांब उभे. मग तो कब्रस्तानात शिरतो, आईबापांच्या थडग्यापाशी बसतो. इथे म्युझिक नाहीये हे लक्षात आलं का? फक्त वारा आहे आणि झाडं करकरतायत, कुणीतरी कण्हल्यासारखी. पिप वर बघतो, झाडाचा बुंधा माणसासारखा दिसायला लागतो, आपल्यालाही वाटतं की भीती या झाडांची आहे. पोरगं घाबरून उठतं आणि पळत सुटतं, कॅमेरा त्याच्याबरोबर वळतो, आपण मनातून सुटलो म्हणतो, कारण पळाला की सुटला असंच आपल्याला वाटत असतं, आणि त्याच शॉटमध्ये तो थेट एका राक्षसासारख्या माणसाच्या अंगावर जाऊन आदळतो. माणूस मागून येत नाही, लपून उडी मारत नाही, पिप पळतोय तिथेच तो उभा असतो. आपल्याला मागे बघायला लावलं आणि धोका पुढे ठेवला, एवढंच केलंय.

आणि ते कब्रस्तान खरं नाही, स्टुडिओतला सेट आहे. मागचं चर्च मुद्दाम छोट्या मापाचं बांधलेलं, म्हणजे ते लांब वाटावं आणि आभाळ अंगावर आल्यासारखं दिसावं. हे काम जॉन ब्रायनचं, त्याला आणि विल्फ्रेड शिंगलटनला कला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं, आणि कॅमेरामन गाय ग्रीनला छायाचित्रणाचं. दोन्ही ऑस्कर अगदी योग्य माणसांना गेली असं माझं मत.

मुलीला एक सांगा, याच पिपला दुसऱ्या दिवशी पहाटे खाऊ घेऊन जाताना वाटेतल्या गाई बोलताना ऐकू येतात, चोरी केलीस म्हणून. चोरी करून निघालेल्या पोराला सगळं जग आपल्याकडेच बघतंय असं वाटतं. तिने हे ऐकलं तर तिची भीती थोडी जाईल, कारण मग तिला कळेल की पिपही तिच्याच वयाचा आहे आणि तोही घाबरलेलाच आहे.

आमच्या टीव्हीवर सगळी माणसं बुटकी आणि रुंद दिसत होती आणि अर्ध्या सीनमध्ये नुसता काळोख. १९४६ साली रंगीत सिनेमे नव्हते का हो? असते तर जास्त चांगला नसता का झाला? — निवृत्त शिक्षिका, सांगली

बाई, माणसं रुंद दिसतात कारण टीव्ही चित्र ओढून ताणून पूर्ण स्क्रीनभर करतोय. त्या काळचा सिनेमा चौकोनाकडे झुकणारा असायचा, त्यामुळे दोन्ही बाजूंना काळे पट्टे यायलाच हवेत. पिक्चर साइझच्या सेटिंगमध्ये 'ओरिजिनल' किंवा ४:३ करा. आणि मोशन स्मूदिंग की काय ते असतं ते बंद करा, नाहीतर जुना सिनेमा सिरियलसारखा गुळगुळीत दिसतो. नातवाला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. काळोखाचं म्हणाल तर काही प्रिंट खरंच खराब फिरतायत, कुणीतरी फुकट टाकलेल्या, त्यात हॅविशमबाईंची खोली म्हणजे नुसती शाई. नीट केलेली प्रिंट शोधा, खोलीतले दिवे घालवा, आणि सबटायटल चालू ठेवा कारण मॅग्विचची बोली पहिल्यांदा कानाला कळत नाही.

रंगाचा प्रश्न मात्र मला फार आवडला. रंगीत सिनेमे होते, आणि गंमत म्हणजे खुद्द लीननेच त्याआधी दोन रंगीत केले होते, १९४४ चा 'धिस हॅपी ब्रीड' आणि १९४५ चा 'ब्लाइद स्पिरिट', दोन्ही टेक्निकलरमध्ये. म्हणजे रंग हाताशी असताना त्याने हा ब्लॅक अँड व्हाइट केला. आणि हॅविशमबाईंचं घर आठवा ना. बाहेर भर दिवस आहे आणि आत एस्टेला मेणबत्ती हातात घेऊन पिपला काळ्या जिन्यांवरून नेतेय. खोलीत पडदे बंद, ऊन वर्षानुवर्षं आत आलेलं नाही. टेबलावर लग्नाचा केक जाळ्यांनी भरलेला, त्यात उंदीर. सगळी घड्याळं नऊला वीस कमी असताना थांबलेली. या बाईचा ड्रेस पांढरा होता आणि आता पिवळा पडलाय असं पुस्तकात आहे, पण सिनेमात तो पिवळा दाखवायची गरजच पडत नाही, पांढऱ्यातलं मेलेपण राखाडी रंगातच दिसतं. आख्खा सिनेमा काळोखात अडकलेल्या घराचा आहे आणि शेवटी त्या घरात ऊन येतं. हे रंगात केलं असतं तर उजेड हा नुसता उजेड राहिला असता.

पिपचं काम केलेला नट वीस वर्षांचा तर अजिबात वाटत नाही. माझा नवरा म्हणाला, हा पिपचा बाप आहे का? आणि लहानपणची एस्टेला इतकी जबरदस्त आणि मोठेपणची एकदम फिकी, असं मलाच वाटलं का? — एक वाचक, कोल्हापूर

तुम्हालाच नाही, मलाही वाटलं, आणि हे या सिनेमाचं खरं दुबळेपण आहे, ते झाकायचं कारण नाही. जॉन मिल्सचा जन्म १९०८ चा, म्हणजे सिनेमा आला तेव्हा तो अडतीसचा होता. तो चांगला नट आहे, सगळं मनापासून करतो, पण विशीतला उतावळेपणा चेहऱ्यावर येत नाही आणि म्हणून पिपच्या चुका जरा जास्तच खटकतात, कारण पोराने केलेला माज आणि थोराड माणसाने केलेला माज यात फरक आहे की नाही.

छोटी एस्टेला म्हणजे जीन सिमन्स, तेव्हा जेमतेम सोळा-सतरा वर्षांची. पिप पत्ते खेळताना गुलामाला काहीतरी गावठी नावाने हाक मारतो आणि ती त्याच्यावर जे हसते, त्याचे हात किती राठ, बूट किती जाड, तो सीन बघताना मला स्वतःचे हात लपवावेसे वाटतात. त्यानंतर मोठी एस्टेला म्हणून व्हॅलरी हॉबसन येते आणि ती देखणी आहे, सभ्य आहे, पण ती आग नाही. आता पुढचं ऐका, हीच जीन सिमन्स १९८९ मध्ये टीव्हीवरच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' मध्ये मिस हॅविशम झाली. जिने त्या घरात मेणबत्ती घेऊन पिपला आत नेलं होतं तीच चाळीसहून जास्त वर्षांनी त्या खुर्चीत बसली.

मार्टिटा हंटची हॅविशम मात्र माझ्या मते कुणालाच ओलांडता आलेली नाही. ती हे काम आधी रंगमंचावर करत होती, १९३९ मध्ये, आणि ते नाट्यरूपांतर केलं होतं अॅलेक गिनेसने, जो सिनेमात पिपचा मित्र हर्बर्ट झालाय. लीनने तो प्रयोग बघितला आणि त्याच्या डोक्यात ते बसलं. आणि फिनले करीचा मॅग्विच बघा, हा माणूस १८७८ मध्ये जन्मलेला, म्हणजे सत्तरीच्या जवळ आलेला, आणि कब्रस्तानात समोर आला की पोरच काय थोर पण घाबरतात, पण लंडनला परत येऊन पिपचे हात हातात घेतो तेव्हा त्या चेहऱ्यावर जे येतं ते बघून मला तरी भीती आठवत नाही.

ताई, हे पत्र छापलंत तरी चालेल पण नाव नको. मी मूळचा लातूरचा, पुण्यात आयटीत आहे. वडिलांचं सायकल रिपेअरचं दुकान होतं, त्यांच्या नखांत कायम काळं ग्रीस असायचं, कितीही धुतलं तरी. मी इंजिनिअरिंगला असताना ते फीचे पैसे द्यायला यायचे आणि मी म्हणायचो, तुम्ही हॉस्टेलवर कशाला येता, लांब पडतं, मीच एस.टी. स्टँडवर येतो. चार वर्षांत ते एकदाही हॉस्टेलवर आले नाहीत. मी स्वतःला सांगत आलो की मी त्यांचा त्रास वाचवत होतो. तुमचं वाचून सिनेमा बघितला आणि जो लंडनला येतो त्या सीनला मी बंद केला, दुसऱ्या दिवशी पुढचा बघितला. मला एवढंच विचारायचंय, जोला कळलं असेल का? वडील आता चौऱ्याहत्तरचे आहेत. त्यांना कळलं असेल का? — एक वाचक, पुणे

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि उत्तर लिहायला चार दिवस लागले.

ज्यांना सीन आठवत नाही त्यांच्यासाठी: पिप आता लंडनमध्ये जेंटलमन झालाय, उत्तम कपडे, खोल्या, नोकर. जो त्याला भेटायला येतो, अंगाला न बसणारा कोट, हातात हॅट, आणि ती हॅट कुठे ठेवायची हेच त्याला कळत नाही, ठेवली की पडते, उचलली की परत पडते. ज्या पोराला त्याने मांडीवर खेळवलं त्याला तो मधेच 'सर' म्हणतो. बर्नार्ड माइल्सने हे काम केलंय आणि त्याने जोला कुठेही बावळट केलेलं नाही, हे फार महत्त्वाचं. हॅटवर आपण हसायला जातो आणि हसू घशात अडकतं.

कादंबरीत पिप कबूल करतो की पैसे देऊन जोचं येणं टाळता आलं असतं तर मी नक्की पैसे दिले असते. डिकन्सने हे वाक्य पिपच्या तोंडी घातलंय, दुसऱ्या कुणाच्या नाही. आणि अजून एक जागा आहे, ती वाचताना मला तुमचं स्टँड आठवलं. पिप नंतर गावी जातो तेव्हा तो जोच्या घरी उतरत नाही, ब्लू बोअर नावाच्या खाणावळीत उतरतो. आणि वाटेत स्वतःला कारणं सांगत बसतो, जोची गैरसोय होईल, मी येणार हे त्यांना माहीत नाही, अंथरूण तयार नसेल. डिकन्स तिथे म्हणतो की जगातले सगळे फसवणारे हे स्वतःला फसवणाऱ्यांपुढे काहीच नाहीत. तुम्ही पत्रात 'स्वतःला सांगत आलो' असं लिहिलंत ना, तेच पिपला कळायला किती वर्षं लागली.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात आहे. जोला कळलं. सगळं कळलं. जाताना तो पिपला सांगतो की मी या कपड्यांत चुकीचा आहे, भट्टीच्या बाहेर चुकीचा आहे, तुला मला भेटावंसं वाटलं तर ये आणि भट्टीच्या खिडकीतून डोकावून बघ, तिथे जो लोहार जुन्या ऐरणीपाशी जुना जळका एप्रन बांधून काम करत असेल, मग तुला माझ्यात एवढं वावगं दिसणार नाही. राग नाही, टोमणा नाही. त्याने दोष कपड्यांवर घेतला म्हणजे पोरावर येऊ नये. माझ्या मते आख्ख्या कादंबरीत याच्याइतका मोठा माणूस दुसरा नाही, जेंटलमन व्हायला लंडनला गेलेल्या पिपला जेंटलमन घरीच भट्टीवर मिळाला होता.

आणि तुमच्या वडिलांना कळलं का. ज्या माणसाला नुसत्या आवाजावरून सायकलचं काय बिघडलंय ते कळतं त्याला चार वर्षं आपला मुलगा आपल्याला स्टँडवरूनच का परत पाठवतो हे कळलं नसेल असं मला नाही वाटत. हे लिहिताना मला वाईट वाटतंय पण तुम्ही खरं विचारलंत म्हणून खरं सांगते. तरी ते दर वेळी आले. फी मनीऑर्डरने पाठवता आली असती की, पण ते आले, स्टँडवर का होईना तुम्हाला बघायला.

पुढे पिप आजारी पडतो, कर्जात बुडलेला असतो, तेव्हा त्याची शुश्रूषा जोच करतो आणि कादंबरीत तर गुपचूप त्याचं देणं भागवून निघून जातो, कारण पिप बरा व्हायला लागला तसा जो परत अवघडायला लागतो. पिप त्याच्या मागे गावी जातो आणि माफी मागतो. जो म्हणतो की माफ करण्यासारखं काही असेलच तर देवाला ठाऊक, मी केलं. मी तुम्हाला वडिलांपुढे मोठं भाषण करा असं सांगणार नाही, तुमच्या वडिलांनाही ते झेपणार नाही आणि तुम्हालाही. लातूरला जा. त्यांचे हात हातात घ्या. दुकान अजून असेल तर तिथे जाऊन त्यांच्या शेजारी बसा, दिवसभर, सगळे बघतील असे बसा.

मी गेली अकरा वर्षं सिडनीत आहे म्हणून मॅग्विचमध्ये मला वेगळाच इंटरेस्ट. तो इथेच न्यू साउथ वेल्समध्ये पैसा कमावतो. मग परत आला तर फाशी का? चोर म्हणून शिक्षा तर भोगून झाली होती ना? — एक वाचक, सिडनी

तुम्ही जिथे राहता तिथली गोष्ट आहे त्यामुळे विचारणं बरोबरच. मॅग्विचला जन्मभरासाठी देशाबाहेर पाठवलेलं होतं. आपल्याकडे लोकांना काळं पाणी शब्द माहीत आहे, अंदमानचा, तशीच शिक्षा, फक्त ती ब्रिटिशांनी आधी स्वतःच्याच देशातल्या लोकांना दिली. १७८८ मध्ये कैद्यांची पहिली जहाजं तुमच्या सिडनीच्या बंदरात आली आणि न्यू साउथ वेल्समध्ये कैदी पाठवणं १८४० पर्यंत चाललं. तिथे मुदतीनंतर माणूस मोकळा व्हायचा, मेंढ्या पाळून श्रीमंतही होऊ शकायचा, मॅग्विच तसाच झाला. पण मुदत संपायच्या आत इंग्लंडला परतणं हा वेगळा गुन्हा आणि त्याला फाशी होती, १८३४ मध्ये ती फाशी रद्द झाली. गोष्ट त्याआधीच्या काळातली आहे. आणि मॅग्विचची मुदत म्हणजे सगळा जन्म, त्यामुळे त्याला परतीची वाटच नव्हती.

सुरुवातीला दलदलीपलीकडे जी जहाजं आहेत ना, ते तरंगते तुरुंग, हल्क म्हणायचे त्यांना. जुनी निकामी जहाजं नांगरून ठेवून त्यात कैदी भरायचे.

कोर्टाचा सीन परत बघा. पुस्तकात बत्तीस जणांना, बायका-पुरुष एकत्र, एकाच वेळी फाशी सुनावतात. मॅग्विच फाशीवर जात नाही, त्याआधीच तुरुंगातल्या दवाखान्यात मरतो. पिप शेवटपर्यंत त्याचा हात धरून असतो आणि सांगतो की तुझी मुलगी जिवंत आहे. मॅग्विचची लाज वाटणारा पिप तोवर बदललेला असतो. डिकन्स बारा वर्षांचा असताना त्याचे वडील कर्जापायी तुरुंगात होते आणि तो स्वतः बूटपॉलिशच्या कारखान्यात कामाला, त्यामुळे तुरुंगात आपल्या माणसाला भेटायला जाणं काय असतं ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

शेवट खरा कुठला? आमच्या घरी यावरून वाद झाला. — एक जोडपं, पणजी

तिन्ही खरे! डिकन्सने आधी लिहिला तो शेवट उदास होता: ड्रमल मेल्यावर एस्टेलाने एका डॉक्टरशी लग्न केलंय, लंडनच्या रस्त्यात ती आणि पिप भेटतात, दोन शब्द बोलतात आणि संपतं. त्याचा लेखक मित्र एडवर्ड बुलवर-लिटनने हे बदल असं सुचवलं म्हणून छापताना त्याने दोघांना हॅविशमबाईंच्या पडक्या बागेत संध्याकाळच्या धुक्यात भेटवलं, आणि वाक्य असं केलं की ते एकत्र राहिले की नाही हे आजवर वाचणारे भांडतायत. तुम्हीही त्याच भांडणात.

सिनेमाचा शेवट तिसराच, आणि तो सुचला के वॉल्शला, म्हणजे लीनच्या त्या वेळच्या बायकोला. एस्टेला लग्न मोडल्यावर त्याच घरात, त्याच खुर्चीत जाऊन बसलीय, पडदे बंद करून, दुसरी हॅविशम व्हायला. पिप येतो आणि पडदे ओरबाडून काढतो, धूळ उडते आणि ऊन आत येतं. पुस्तकाशी हे इमानदार नाही म्हणणारे आहेत. मला विचाराल तर पुस्तकाचा पहिला, उदास शेवट सगळ्यात खरा आहे, पण या सिनेमाला हाच पाहिजे होता. सांगलीच्या बाईंना वर लिहिलं तेच, इतका वेळ काळोखात ठेवल्यावर ते ऊन डोळ्यांना खरंच लागतं. आणि १९४६ च्या डिसेंबरात लंडनच्या थिएटरात बसलेल्या लोकांचा विचार करा, सहा वर्षं युद्ध, रात्री खिडक्यांना काळे पडदे लावून काढलेली. त्यांना तो पडदा फाटताना काय वाटलं असेल.

हर्बर्ट झालेला तो लांबोडक्या चेहऱ्याचा नट फार गोड आहे. त्याचं आणि लीनचं अजून काय बघू? — एक वाचक, चिपळूण

अॅलेक गिनेस. बोलायचं काम असलेली त्याची ही पहिलीच मोठी सिनेमातली भूमिका. यानंतर लगेच लीनचाच 'ऑलिव्हर ट्विस्ट' बघा, १९४८ चा, त्यात गिनेस फॅगिन झालाय आणि ओळखूच येत नाही. पण तो फॅगिन ज्यू माणसाचं विद्रूप चित्र आहे म्हणून अमेरिकेत तेव्हा मोठा वाद झाला होता आणि आज बघताना ते मलाही सलतं, हे मनात ठेवून बघा.

मग एकदम १९८४ वर या, लीनचा शेवटचा सिनेमा 'अ पॅसेज टू इंडिया'. त्यात गिनेस आहे प्राध्यापक नारायण गोडबोले. हो, आपले गोडबोले! इंग्रज माणसाने रंग लावून भारतीय होणं मला आवडत नाही, त्या कामात तो हरवल्यासारखाही वाटतो. पण सिनेमाच्या निमित्ताने ई. एम. फॉर्स्टरची मूळ कादंबरी वाचा, शेवटचा भाग तरी. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासच्या मराठा राजांकडे सेक्रेटरी होता, तिथली गोकुळाष्टमी त्याने डोळ्यांनी बघितली, आणि कादंबरीतले गोडबोले त्या उत्सवात टाळकऱ्यांबरोबर उभे राहून देवासमोर गातायत, आणि गाण्यात नाव घेतायत तुकारामाचं, तूच माझा बाप तूच आई म्हणून.